जुना रेझर, नवा हात : प्रस्तावना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणाची काही वर्षं साताऱ्यात गेली. त्या दिवसांविषयी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी लिहून ठेवलं आहे की घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची, आणि कापून कापून तिचा हात चांगलाच बसला होता. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरात पैशाची अडचण नव्हती, साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती. पण अस्पृश्याच्या घरच्या पोराच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नसे. मसूर स्टेशनावरून बैलगाडीने केलेल्या प्रवासाची, रात्रभर पाणी न मिळाल्याची हकिकतही त्याच आठवणींत आहे. साल साधारण 1901. मसूर आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे.

त्याच 1901 साली बॉस्टनमध्ये किंग कॅम्प जिलेट नावाच्या एका फिरत्या विक्रेत्याने रेझरची कंपनी काढली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि केस कापणं व दाढी करणं ही कामंही वेगळी. तरीही पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्या मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटल्या. जुना सेफ्टी रेझर विकत घेऊ पाहणारा आजचा तरुण त्याच्याकडे बहुधा हौसेची वस्तू म्हणून बघतो. जड मूठ, पितळेची चमक, ब्रशने घोटलेला फेस. हौस चांगलीच आहे. पण आपल्या मुलखात या वस्तूचा खरा अर्थ हौशीच्या पुष्कळ आधी सुरू होतो. माणसाच्या तोंडाला पातं कोणी लावायचं, कोणाच्या तोंडाला लावायचं आणि कोणाच्या नाही, हे शेकडो वर्षं गावाने ठरवलं. ते ठरवणं माणसाच्या स्वतःच्या हातात आलं ते या छोट्या यंत्रामुळे.

आधी वस्तऱ्याविषयी थोडं बोलायला हवं. बारा बलुतेदारांतला न्हावी धोकटी काखेत घेऊन घरोघर जायचा आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपलं बलुतं न्यायचा. वस्तरा हे नुसतं पातं, त्याला आडोसा काही नाही. चामड्याच्या पट्ट्यावर ते रोज फिरवावं लागतं, धार बोथटली की दगडावर लावावी लागते आणि गालाच्या वळणावर मनगट सैल सोडावं लागतं. हे शिकायला वर्षं जातात. म्हणून दाढी हे दुसऱ्याकडून करून घ्यायचंच काम राहिलं. धारेचं शास्त्र आपल्या भागात किती खोल रुजलं होतं हे मिरजेवरून कळतं. तिथल्या सतार-तंबोऱ्यांचा जगप्रसिद्ध धंदा उभा केला तो शिकलगार घराण्यांनी, म्हणजे मूळच्या हत्यारांना धार आणि पाणी देणाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींचं काम आटलं, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरा हाती घेतला. तोच हात, वेगळी वस्तू.

आणि वस्तऱ्याने नकार दिल्याचीही एक गोष्ट आहे. 1890 साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आपण करणार नाही. सुधारकांनी लेख लिहिले, भाषणं केली. या माणसांनी आपलं हत्यार खाली ठेवलं. दाढीच्या इतिहासावरच्या इंग्रजी पुस्तकांत ही हकिकत माझ्या वाचनात कधी आली नाही. मराठी पुस्तकात ती नसेल तर ते पुस्तक अपुरं, असं मी मानतो.

आता आडोशाची गोष्ट. पात्याची धार कातडीला भिडावी पण कातडीत शिरू नये, एवढीच सेफ्टी रेझरची कल्पना आहे. झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकात सुताराच्या रंध्यावरून ती घेतली. रंध्यात पातं लाकडी ठोकळ्यातून जेमतेम डोकावतं, तसं त्याने वस्तऱ्याला लाकडी खोबण केली. 1769 साली दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तकही लिहिलं. पुढे 1847 साली विल्यम हेन्सन या इंग्रजाने मूठ पात्याला आडवी बसवली. रेझरला खुरप्यासारखा आकार आला तो तेव्हापासून. 1880 मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी ‘स्टार’ रेझर काढला. त्याच्या डोक्याखाली फेस साचायला छोटी पेटी होती. पण पातं जुन्या वस्तऱ्याचंच, जाड आणि पाचरीसारखं. ते काढायचं, पट्ट्यावर घासायचं, परत बसवायचं. हात सुरक्षित झाला, कटकट तशीच राहिली.

जिलेटने मारलेली उडी पात्यात आहे. बाटलीचं पत्र्याचं टोपण ज्याने शोधलं त्या विल्यम पेंटरच्या कंपनीत तो नोकरीला होता. लोक एकदा वापरून टाकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काही शोध, असा सल्ला पेंटरने त्याला दिला होता. 1895 साली आरशासमोर उभं असताना जिलेटला सुचलं की धार हवी तेवढी काठावर, बाकीचं पोलाद कशाला? कागदासारखं पातळ पातं, दोन्ही बाजूंनी धार, आणि बोथटलं की फेकून द्यायचं. इतक्या पातळ पोलादाला धारेपुरता कडकपणा देता येणार नाही, असं जाणकारांनी त्याला सांगितलं. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते पाणी देण्याची आणि धार लावण्याची यंत्रं बनवून दाखवली. 1903 हे विक्रीचं पहिलं वर्ष. त्या वर्षी 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर आणि ब्लेडांचा सव्वा लाखाच्या घरात गेला.

रेझर जवळजवळ फुकट वाटायचा आणि ब्लेडांवर कमवायचं, हा जिलेटचा मंत्र होता असं व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवतात. ते बरोबर नाही. पेटंट चालू होतं तोवर रेझरची किंमत 5 डॉलर होती आणि त्या काळच्या मजुराला ती चांगलीच जड होती. पेटंट 1921 मध्ये संपलं, चहूकडून नकला आल्या, तेव्हा कंपनीने जुना नमुना स्वस्त केला. जुना रेझर घेणाऱ्याच्या दृष्टीने हा तपशील कामाचा आहे. रेझर हीच महाग वस्तू होती, आयुष्यभर टिकावी म्हणून केलेली, आणि म्हणूनच शंभर वर्षांनी ती तुमच्या हातात येऊ शकते.

सेफ्टी रेझरचा प्रसार झाला फौजेमुळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या शिपायांसाठी सुमारे 35 लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेडं घेतली. खंदकात न्हावी कुठून येणार? घरी परतलेल्या शिपायाला स्वतः दाढी करायची सवय लागलेली होती. आमचा सातारा-सांगलीचा मुलूख तर फौजेचाच. अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी 46 जण परत आले नाहीत, त्यांच्या नावाचा दगड गावात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पेन्शनवर आलेल्या फौजींच्या काळ्या ट्रंकांमधून मी पाहिलेले निम्मे-अधिक जुने रेझर निघाले आहेत. उरलेले निघाले शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या आणि साखर कारखान्यातल्या नोकरदारांच्या घरांतून. सकाळी ठरल्या वेळी कामावर हजर व्हायचं म्हटल्यावर ज्यांना धोकटीची वाट बघणं परवडेना, ती ही माणसं.

नवख्याने घराणी ओळखावीत एवढ्यापुरतं सांगतो. संगीतासारखी रेझरचीही घराणी आहेत. दुधारी ब्लेडाचं जिलेटचं घराणं सगळ्यात मोठं. त्यात पहिले आले तीन तुकड्यांचे, म्हणजे टोपी, खालची ताटली आणि मूठ. सुरुवातीच्या ताटल्यांना फणीसारखे दाते होते. 1930 चा ‘न्यू’ हा त्यातला उत्तम. 1938 मध्ये ‘टेक’ आला. त्याची कड सलग, दाते गेलेले. 1930 च्या दशकातच मुठीच्या तळाचं बोंड फिरवलं की डोक्यावर दोन दारं उघडणारा नमुना निघाला. बाजारात त्याला बटरफ्लाय म्हणतात, आणि 1947 चा ‘सुपर स्पीड’ त्यातला सर्वांत खपलेला. 1958 मध्ये आलेल्या जाड मानेच्या रेझरला शौकीन ‘फॅटबॉय’ म्हणतात. त्याच्या मानेवर 1 ते 9 आकडे असतात आणि आकडा फिरवला की पात्याची फट कमी-जास्त होते. दुसरं घराणं एकधारी जाड पात्याचं, जेम आणि एव्हर-रेडी ही त्यातली नावं. व्हॅलेट ऑटोस्ट्रॉपमध्ये पट्टा रेझरमधूनच ओवून पातं घासता येतं. इंग्लंडचा ‘रोल्स’ रेझर आपल्याकडे साहेबी घरांत बराच दिसतो. निकेलच्या चपट्या डबीत एका झाकणाला दगड आणि दुसऱ्याला चामडं, आणि पातं एकच, जन्माचं. डबीत पातं मागेपुढे ओढताना होणारा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

शौकिनांत आणखी एक वाटणी आहे, आणि तिला मराठीत फार चांगले शब्द तयार आहेत: मवाळ आणि जहाल. पातं कडेपासून किती पुढे आलं आहे आणि खाली किती फट आहे, यावर ते ठरतं. टेक मवाळ. दातेरी ‘न्यू’ त्यापेक्षा बराच जहाल. शिकाऊ माणसाने मवाळापासून सुरुवात करावी, या मतावर मी ठाम आहे. जहाल रेझर दाढी लवकर उरकतो हे खरं, पण चुकीला माफी देत नाही, आणि पहिल्या महिन्यात चुका होणारच.

1971 मध्ये दोन पात्यांचं काडतूस आलं, मग फेकून द्यायचे प्लॅस्टिकचे रेझर, मग तीन पाती, मग पाच. पाश्चात्त्य देशांत दुधारी ब्लेड दुकानांतून जवळजवळ नाहीसं झालं आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हौशी लोकांनी ते परत आणलं. तिकडच्या लेखनात याला पुनरुज्जीवन म्हणतात. आपल्याकडे तो शब्द लावता येत नाही, कारण इथे ते मेलंच नव्हतं. टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक, ठाण्यात बनून जगभर गेलेलं सुपरमॅक्स ही नावं आष्ट्याच्या किराणा दुकानात कधी मागे पडली नाहीत. पाच ब्लेडांची पुडी अजूनही एक-दोन कप चहाच्या किमतीत मिळते. आणि सलूनमधला वस्तराही याच ब्लेडावर चालतो. एड्सची धास्ती पसरल्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं हा रिवाज पक्का झाला. कागदासकट ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवण्याची ती झटपट क्रिया आपण सगळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे परदेशी शौकिनाला जो माल मागवावा लागतो तो आपल्या कोपऱ्यावर आहे. आपल्याकडे तुटवडा आहे तो चांगल्या रेझरचा आणि तो वापरण्याच्या जाणतेपणाचा. गेली काही वर्षं काडतुसांच्या किमती बघून आमच्या भागातली पोरं जुन्या रेझरविषयी विचारू लागली आहेत. प्लॅस्टिक आणि पोलाद कचऱ्यात टाकण्याचा त्यांना कंटाळा आला आहे, हेही त्यातल्या काहींनी बोलून दाखवलं. हे पुस्तक त्यांच्या प्रश्नांतून झालं.

विकत घेण्याविषयी इथे थोडं सविस्तर बोलतो, कारण पैसे वाया जातात ते याच पायरीवर. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, सांगली-कोल्हापूरचे भंगारवाले, कुठेही जा. विक्रेता रेझर उलटा करून खालची अक्षरं दाखवतो आणि म्हणतो, बघा, 1904 सालचा आहे. ती पेटंटची तारीख असते. 15 नोव्हेंबर 1904 ही जिलेटच्या पेटंटची तारीख पुढे कित्येक वर्षं रेझरांवर कोरली जात होती. अमेरिकेत 1951 नंतर बनलेल्या जिलेटवर मात्र एक अक्षर आणि एक आकडा सापडतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ‘डी’ असेल तर 1958. त्यापलीकडे जुनेपणासाठी जास्त पैसे मोजू नयेत. वापरायचा रेझर आणि कपाटात ठेवायचा रेझर या दोन वेगळ्या खरेद्या आहेत.

मग बघायचं काय? खिशात छोटं चुंबक न्यावं. चांगले जुने रेझर पितळेचे, वरून निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा. चुंबक घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे. पोकळ मुठीला उभी बारीक चीर गेलेली असते, ती नख फिरवून कळते. चीर असेल तर आटे घट्ट बसत नाहीत, रेझर सोडून द्यावा. दातेरी ताटलीचे दाते एका रेषेत आहेत का ते उजेडासमोर धरून पाहावं. न्हाणीत एकदा हातातून निसटलेल्या रेझरचा कोपऱ्यातला दाता वाकलेला असतो. दारवाल्या रेझरची दोन्ही दारं एकाच वेळी मिटली पाहिजेत. आणि शेवटी नवं ब्लेड घालून वरून पाहावं, दोन्ही बाजूंना ते सारखं डोकावतं का. मी घेतलेला पहिला आकड्यांचा रेझर दिसायला देखणा होता, पण मानेतलं चक्र कुठल्याही आकड्यावर तसूभर हलत नव्हतं. घेताना फिरवून पाहिलं नाही, चमकेला भुललो. तो अजून टेबलाच्या खणात आहे.

मळाला घाबरू नये. वाळलेल्या साबणाचा थर आणि हिरवा कळंक कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव घालून रात्रभर ठेवला आणि जुन्या मऊ दातब्रशने घासला की बहुतेक निघतो. नंतर सर्जिकल स्पिरिटने पुसावं. मात्र आपल्या घरांत पितळ म्हटलं की हात आपोआप चिंचेकडे आणि घासायच्या पावडरीकडे जातो, तो आवरावा. समईला ते चालतं. रेझरवरचा मुलामा केसाहून पातळ असतो, एका घासण्यात खालचं पिवळं उघडं पडतं. अनेक घरांतले चांगले रेझर असेच प्रेमाने खराब झालेले मी पाहिले आहेत. बेकेलाइटची मूठ उकळत्या पाण्यात टाकू नये. आणि ट्रंकेत सापडलेली जुन्या ब्लेडांची पुडी कितीही कोरी दिसली तरी ती पाहायची वस्तू आहे, गालाला लावायची नव्हे.

आष्ट्यातल्या, वाळव्यातल्या, शिरोळातल्या वाचकाला एक गोष्ट परदेशी पुस्तकं सांगणार नाहीत: आपलं पाणी. वर्षानुवर्षं उसाला पाटाचं आणि मोटारीचं पाणी देऊन इथली कितीतरी जमीन क्षारपड झाली, आणि बोअरच्या पाण्यातही क्षार उतरले. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही त्या पाण्यात साबणाचा फेसही होत नाही. होतो तो पांढरा चिकट साका. पोरं म्हणतात रेझर ओढतोय, रक्त काढतोय. रेझरचा काही दोष नसतो, फेस कोरडा असतो. पिण्यासाठी भरलेलं एक तांब्या पाणी दाढीला घ्या, फरक त्याच दिवशी दिसेल. मी स्वतः दोन वर्षं ब्लेडं बदलत होतो आणि दोष पाण्याचा होता.

मग पहिला रेझर कोणता? घरात आजोबांचा निघाला, धड असला, दुधारी ब्लेड त्यात बसत असलं, तर तोच. नसेल तर साधा, तीन तुकड्यांचा, सलग कडेचा, टेकसारखा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि तो इतक्या मोठ्या संख्येने बनला की दुर्मिळतेचा भाव द्यावा लागत नाही. आकड्यांचा रेझर वर्षभराने घ्यावा. रोल्स घेऊच नये, म्हणजे वापरायला. त्याचं पातं झिजलेलं असलं तर तसं दुसरं आणायचं कुठून?

या पुस्तकात रेझरांची संपूर्ण यादी नाही. किमतींचा तक्ताही मुद्दाम दिलेला नाही, कारण तो छापेपर्यंत जुना होतो आणि भाव वाढवायलाच उपयोगी पडतो. एखादी वापरात असलेली वस्तू हातात घेऊन ती कशी पारखायची, स्वच्छ करायची आणि सकाळच्या दहा मिनिटांत तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं, एवढंच मला सांगायचं होतं. इतिहास त्यात जागोजागी येतो, कारण त्याच्याशिवाय ही वस्तू नुसती पितळेची राहते. स्त्रिया आणि दुधारी रेझर हा विषय मराठीत अजून कोणी नीट लिहिलेला नाही. माझ्याकडूनही तो थोडाच झाला आहे, आणि ज्या स्त्रीला त्यावर लिहावंसं वाटेल तिला माझ्याकडचे सगळे नमुने खुले आहेत.

आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याविषयी. आमच्याकडे सोमवारी सलूनं बंद असतात. तीस वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी आमच्या गल्लीतले सलूनवाले मामा घरी आले होते. माझा नवा घेतलेला जुना रेझर आणि गालावरचे कापल्याचे डाग त्यांनी पाहिले. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःची दाढी करायला निघालंय याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. साबण, पाणी, रेझर, कशालाही हात लावला नाही. कोरड्या गालावरून चार बोटं हळूहळू फिरवली, वरून खाली, कानाकडून हनुवटीकडे, मग मानेवर खालून वर, आणि म्हणाले, “इथं सुलट खाली जाते, इथं मानेवर आडवी वळलीय, हे आधी बोटांना कळू दे.” मग माझा हात धरून त्यांनी तीच वाट माझ्या बोटांकडून पुन्हा चालवून घेतली. दाढी त्या दिवशी केलीच नाही.